चार मिनिटं

सुरू होते. पहिल्या सेल्फला, शहाण्या मुलीसारखी.
मग चार मिनिटं. कधी सव्वाचार.
मग एक उचकी, दुसरी उचकी,
आणि गनपावडर रोडवर पुन्हा फक्त कावळे.

फियाट, बहात्तरची. मी घेतली तेव्हा इंजिन
तीन खोक्यांत होतं, त्यातलं एक बिस्किटांचं.
रे रोडला बोअर करून आणलं, रिंगा नव्या, बेअरिंग नवे,
क्रँक घासायला दिला तो बावीस दिवसांनी परत आला.
अब्बास परकारांनी एकेक बोल्ट
रॉकेलमध्ये धुतला, स्वतःच्या लुंगीला पुसला.

परकारांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं गोदीत विंचच्या इंजिनाशेजारी उभं राहून
डावा कान गेला, उजवा जाता जाता थांबलाय.
तरी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरला टेकवतात,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटतात आणि म्हणतात, "तीन नंबर जरा रुसलाय."
तीन नंबर खरंच रुसलेला असतो.

पण ही चार मिनिटं त्यांच्याही हाडात शिरेनात.

पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला,
मग बदललेला कंडेन्सर बदलला,
कारण नव्या मालाचा भरवसा नाही.
कार्बोरेटर तीनदा उघडला. फ्लोट पाण्यात बुडवून धरला
गुदमरवल्यासारखा, बुडबुडा एकही नाही.
जेट फुंकून परकारांनी दिव्यासमोर धरला,
भोकातून बल्ब दिसला, स्वच्छ,
जणू इथे कधी गुन्हा घडलाच नाही.
कुणी म्हणालं, उन्हाने पेट्रोलची वाफ होते.
पंपावर ओलं फडकं बांधलं:
चार मिनिटं दहा सेकंद.
ती दहा सेकंदंही मी वहीत लिहिली.
शलाका म्हणाली, ही वही बघून वाटतं
आपलं कुणी आयसीयूत आहे.

आणि दहा मिनिटं थांबलं की
ती पुन्हा सुरू, काही झालंच नाही अशी.
खरा अपमान हा. बंद पडणाऱ्याने बंद पडावं.

शुक्रवारी, काहीतरी करायचं म्हणून
टाकीचं झाकण काढलं, आत बांबूची काडी घालून
पेट्रोल मोजलं. बोटभर कमी, बास.
झाकण निघताना फुस्स म्हणालं.
मी लक्ष दिलं नाही. या गल्लीत सगळंच फुसफुसतं,
सोड्याच्या बाटल्या, स्टोव्ह, वेल्डरचा सिलिंडर.

चहा पिताना सहज, ओरडून सांगितलं परकारांना:
हल्ली झाकणसुद्धा फिस्कारतं माझ्यावर.
त्यांनी कप खाली ठेवला.
"सोडतं का ओढतं?"

मला सांगता येईना.
माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

गाडी लावली. चार मिनिटं. उचकी.
परकार गुडघ्यांवर बसले, गाल टाकीच्या तोंडाशी नेला
आणि खूण केली: उघड.
वारा त्यांच्या गालावरून आत गेला.
पांढऱ्या दाढीचे केस मी वळताना पाहिले.

"दम कोंडलाय बिचारीचा.
पेट्रोल देते, बदल्यात हवा कोण देतो?"

झाकणाला एक भोक असतं, मोहरीएवढं.
पास्कोल पेंटरने त्यात लांबी भरली होती,
वर रंगाचे दोन हात, घासून गुळगुळीत.
त्याला ती खराबी वाटली. मीच तर म्हणालो होतो,
कुठे एक खड्डा दिसता कामा नये.

शेजारून गोधडीची सुई मागवली.

पाच मिनिटं. सात. आम्ही बोलेनासे झालो.
बाराव्या मिनिटाला वरच्या माळ्यावरून कुणीतरी विचारलं,
ते बंद करणार आहात की नाही?
परकारांचा तळवा बॉनेटवर पसरलेला.
"कर आता बंद,
पेट्रोल काय सासऱ्याचं आहे?"

खाली तेलाचा एक थेंब पडला. मागचं सील. ते उद्या.
हो हो, म्हणालो. किल्लीवर हात होता.
विसाव्या मिनिटालाही तिथेच होता.